उद्यानातली छोटी क्रॉस कंट्री शर्यत: मार्गाच्या आखणीपासून निकालापर्यंत

आम्ही भरवलेल्या पहिल्या क्रॉस कंट्री शर्यतीत, म्हणजे गवतावरून-मातीवरून धावायच्या शर्यतीत, सर्वांत पुढचे सहा जण दुसऱ्या फेरीत चुकीच्या पायवाटेला लागले. बाण लावलेला होता, पण तो वळणाच्या अगदी टोकाला, झुडपाआड. पहिल्या फेरीत तिथे उभा असलेला स्वयंसेवक नेमका पाणी प्यायला गेला होता. सहाही जण जवळपास ४०० मीटर कमी धावून अंतिम रेषेवर आले आणि पूर्ण मार्ग धावून आलेली मुलगी सातवी ठरली. तिची समजूत घालताना माझ्याकडे शब्द नव्हते. तेव्हापासून आयोजनाची प्रत्येक गोष्ट मी एकाच कसोटीवर तपासतो: धावणाऱ्याला धावताना कुठेही विचार करावा लागता कामा नये. धाप लागलेल्या माणसाचं डोकं चालत नाही. तो समोरच्याच्या पाठीवर नजर ठेवून पळत असतो. त्याच्या वाटचा सगळा विचार आपण आधी करून ठेवायचा.

हा घोळ काही नवा नाही. इंग्लंडची पहिली राष्ट्रीय क्रॉस कंट्री शर्यत १८७६ मध्ये एपिंगच्या जंगलात झाली, तेव्हा सगळेच्या सगळे ३२ धावक रस्ता चुकले आणि शर्यत रद्द ठरवावी लागली. जंगलात चुकणं एक वेळ समजू शकतं. उद्यानात तर फिरायला येणाऱ्यांच्या पायवाटा चहूबाजूंनी फुटलेल्या असतात, म्हणजे चुकण्याच्या जागा जंगलापेक्षा जास्तच.

पुढचं सगळं साधारण ६० ते १५० धावकांच्या, ५ किलोमीटरच्या आसपासच्या शर्यतीसाठी आहे. इतकी शर्यत वीस-पंचवीस माणसं, दोन स्टॉपवॉच आणि बरीचशी दोरी एवढ्यावर नीट पार पडते.

परवानगीआधी माळ्याशी बोला

उद्यान ज्यांच्या ताब्यात आहे त्या कार्यालयाची लेखी परवानगी लागतेच, आणि अर्ज किमान दोन-तीन महिने आधी करावा. अर्जासोबत मार्गाचा नकाशा, धावकांची कमाल संख्या, सुरुवातीची आणि आवराआवर संपण्याची वेळ, आणि शर्यतीनंतर जागा होती तशी करून देण्याची हमी जोडा. विमा लागतो का, ध्वनिवर्धकाला वेगळी परवानगी लागते का, हे तिथेच विचारून घ्या.

पण अर्ज लिहायच्या आधी एक सकाळ त्या उद्यानाच्या माळ्यासोबत घालवा. पाण्याचे पाइप कुठून गेलेत, फवारे किती वाजता सुरू होतात, पाऊस पडला की कुठला कोपरा चार दिवस चिखलात राहतो, कुठे नवं गवत लावलंय, कुठल्या झाडाखाली मधमाश्यांचं पोळं आहे, हे नकाशावर दिसत नाही. आमच्या मार्गातली दोन वळणं माळ्याच्या सांगण्यावरून बदलली आणि दोन्ही वेळा तो बरोबर होता. मार्ग त्याच्याशी बोलून आखला असेल तर कार्यालयातही तोच आपल्या बाजूनं बोलतो.

उद्यान बंद करून मिळेल अशी अपेक्षा धरू नका. आजी-आजोबा, मुलांच्या गाड्या, कुत्री फिरवणारे या सगळ्यांचा त्या जागेवर आपल्याइतकाच हक्क आहे. शर्यत त्यांच्या वर्दळीतून वाट काढत जाणार हे धरूनच आखणी करायची. म्हणून ज्या वारी आणि ज्या वेळी शर्यत घेणार, त्याच वारी, त्याच वेळी आधी दोनदा तरी तिथे जाऊन उभं राहा. सकाळी सातला ओस पडलेली वाट नऊ वाजता माणसांनी भरलेली असते.

मार्ग

क्रॉस कंट्रीत शक्य तितकं गवतावरून, मातीवरून आणि चढउतारावरून धावायचं. वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्स या जागतिक संघटनेच्या नियमांत १५०० ते २००० मीटरची फेरी सुचवली आहे, आणि छोट्या शर्यतीलाही ते माप चांगलं बसतं. पण फेरी किती मोठी असावी याचं खरं उत्तर तुमच्या धावकांच्या वेगातला फरक देतो. हा हिशेब करायचा बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समजा ५ किलोमीटरसाठी १२५० मीटरच्या चार फेऱ्या ठेवल्या. सर्वांत पुढचा धावक एका किलोमीटरला ४ मिनिटं घेतो, सर्वांत मागचा ८ मिनिटं. पहिल्याची फेरी ५ मिनिटांत होते, शेवटच्याची १० मिनिटांत. म्हणजे दहाव्या मिनिटालाच पहिला शेवटच्याला एका फेरीनं गाठतो, आणि त्यानंतर मार्गावर कोण कितव्या फेरीत आहे हे कुणालाच सांगता येत नाही. तेच अडीच किलोमीटरच्या दोन फेऱ्या ठेवल्या, तर पहिला २० मिनिटांनी शर्यत संपवतो तेव्हा शेवटचा पहिली फेरी पुरी करत असतो. वाटेत कुणी कुणाला एका फेरीनं गाठतच नाही. सूत्र सोपं आहे. दोन फेऱ्या असतील तर सर्वांत हळू धावकाला पहिल्याच्या दुपटीपर्यंत वेळ लागला तरी चालतं. तीन फेऱ्यांत दीडपट आणि चार फेऱ्यांत एक-तृतीयांश जादा वेळ ही मर्यादा. नवशिके आणि मुरलेले एकत्र धावणार असतील तर दोन फेऱ्याच ठेवा. उद्यान लहान असेल आणि फेऱ्या वाढवाव्याच लागत असतील, तर वेगवान आणि हळू गटांच्या शर्यती वेगवेगळ्या घ्या.

अंतिम रेषा फेरीच्या वाटेवर ठेवू नका. शेवटच्या फेरीत मुख्य वाटेपासून एक फाटा बाजूला काढून तिथे ती आखा. नाहीतर अजून एक फेरी बाकी असलेला माणूस घाईत अंतिम रेषा ओलांडतो आणि निकालाचा सगळा क्रम विसकटतो. त्या फाट्यावर तुमचा सर्वांत खणखणीत आवाजाचा, न डगमगणारा माणूस उभा करा.

सुरुवातीची जागा रुंद आणि सरळ हवी. पहिल्या ३०० मीटरांत अरुंद फट, पूल, फाटक किंवा काटकोनातलं वळण नको. तोवर घोळका पांगत जातो आणि नंतर अरुंद वाट चालते. बाकी मार्गाची रुंदी ५ मीटर असावी असा दंडक आहे, पण उद्यानात ती सगळीकडे मिळत नाही. छोट्या शर्यतीत तीन माणसं शेजारी शेजारी धावू शकतील एवढी रुंदी बहुतेक ठिकाणी मिळाली तरी काम भागतं. धावकांची कमाल संख्या ठरवताना मैदानाची एकूण जागा बघू नका. मार्गातली सर्वांत अरुंद जागा बघा आणि तिथे गर्दी पोचेपर्यंत ती किती लांबलेली असेल याचा अंदाज घ्या.

उताराच्या पायथ्याशी वळण ठेवू नका. खांबाला वळसा घालून आल्या वाटेनं परत फिरवणारी वळणंही टाळा, तिथेच माणसं एकमेकांवर आदळतात. डांबरी किंवा फरशीचा रस्ता ओलांडावा लागत असेल तर तो काटकोनात, कमीत कमी अंतरात ओलांडा आणि त्यावर चटई किंवा मातीचा थर पसरा. खिळ्यांचे बूट घातलेला धावक फरशीवर घसरतो. तशी सोय होणार नसेल तर खिळ्यांचे बूट चालणार नाहीत हे नोंदणीच्या वेळीच सांगून टाका.

मग मार्गावरून चालत जा, मान खाली घालून. उंदरा-घुशींची बिळं, गवतात लपलेली फवाऱ्याची तोंडं, गटाराची झाकणं, वर आलेली मुळं हेरा. जे बुजवता येईल ते बुजवा, जे टाळता येईल ते टाळा, उरलेल्याभोवती ठळक पांढरं वर्तुळ काढा. मुळं सकाळच्या तिरप्या उन्हात सावलीत गडप होतात. त्यामुळे ही पाहणी शर्यतीच्या वेळीच करायला हवी.

अंतर मोजायला चाकाचं मापयंत्र चांगलं, पण गवतावर ते उड्या मारतं. तीनदा मोजून सरासरी काढा. मनगटावरच्या जीपीएस घड्याळावर विसंबू नका. दाट झाडीत आणि जवळजवळच्या वळणांवर ते भरकटतं. तरीही अंतर मीटरपर्यंत अचूक असायलाच हवं असं नाही. चिखलातल्या ५ किलोमीटरची सपाट रस्त्यावरच्या ५ किलोमीटरशी तुलना होतच नाही. पत्रकावर ‘सुमारे ५ किमी’ लिहा आणि मोकळे व्हा. सर्वांना तोच मार्ग, तेवढंच अंतर मिळणं महत्त्वाचं.

खुणा

सगळा मार्ग दोन्ही बाजूंनी पट्टीनं बंद करण्याची गरज नाही. २ किलोमीटरच्या फेरीला चार किलोमीटर पट्टी लागेल आणि ती आवरताना संध्याकाळ होईल. पट्टी वळणांना लावा: वळणाच्या आधी २० मीटर, वळणभर, आणि पुढे २० मीटर. सरळ टप्प्यात दर ३०-४० मीटरवर एक निशाण पुरतं; एका निशाणापाशी पोचल्यावर पुढचं दिसलं पाहिजे.

प्रत्येक वळणाला तीन बाण लावा. पहिला वळणाच्या १५-२० मीटर आधी, वळायचंय हे सांगायला. दुसरा वळणावर. तिसरा वळून गेल्यावर थोडं पुढे, ‘बरोबर आलात’ असा दिलासा द्यायला. आमच्या पहिल्या शर्यतीत फक्त मधला होता.

बाणापेक्षाही भरवशाची गोष्ट म्हणजे चुकीची वाट बंद करणं. जिथे जिथे दुसरी पायवाट फुटते, तिथे तिच्या तोंडावर छातीच्या उंचीवर आडवी पट्टी ताणा. दमलेला माणूस बाण वाचत नाही, पण पट्टी आडवी आली की वळतो. ही पट्टी इतरांचीही वाट अडवते, म्हणून ती शर्यतीच्या आधी अर्धा तास लावायची, शेवटचा धावक गेल्यावर लगेच सोडायची आणि तोवर जवळ कुणीतरी उभं ठेवायचं.

निशाणं लाल किंवा हिरवी नकोत. गवतावर हिरवं कुणालाच दिसत नाही, आणि लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्यांना लालही दिसत नाही. पांढरं, पिवळं, निळं चालेल. जमिनीवर रेघा मारायला फक्की वापरत असाल तर ती खडूच्या भुकटीची घ्या. चुना ओल्या हाताला आणि डोळ्यांना भाजतो, आणि शर्यतीत पडलेला माणूस तोंडावरच पडतो. झाडाला खिळे ठोकू नका, सुतळीनं बांधा. आणि रोवलेल्या खुंट्यांची टोकं बोथट असू द्या.

खुणा आदल्या रात्री लावून ठेवल्या तर सकाळपर्यंत निम्म्या जागेवर नसतात. खेळणारी मुलं बाण फिरवतात, सफाई करणारे पट्टी गोळा करून टाकतात. त्यांचा त्यात दोष नाही. पहाटे लावायला सुरुवात करा आणि शर्यतीच्या एक तास आधी पूर्ण फेरी मारून तपासा. शेवटची चाचणी अशी: ज्यानं मार्ग कधीच पाहिलेला नाही अशा एकाला, काहीही न सांगता, त्यावरून धावायला पाठवा. तो जिथे क्षणभर थबकला, तिथे एक खूण कमी आहे.

माणसं

शंभर धावकांसाठी माझा हिशेब असा असतो: सुरुवातीला दोघं, वेळ घ्यायला दोघं, अंतिम रेषेनंतरच्या दोरीच्या गल्लीत तिघं, क्रमांक लिहायला दोघं, मार्गावर आठ, प्रथमोपचाराला दोघं, नोंदणीच्या टेबलावर दोघं आणि सर्वांच्या मागून चालत येणारा एक. एकूण बावीस. त्यातला नोंदणीचा गट शर्यत सुरू झाली की मोकळा होतो, त्याला मार्गावर किंवा अंतिम रेषेवर घ्या. सगळ्यांचा प्रमुख बाविसांच्या बाहेरचा हवा, आणि त्याच्याकडे कुठलंच ठरावीक काम नको. ज्याच्या हातात स्टॉपवॉच आहे तो पडलेल्या मुलाकडे धावू शकत नाही.

मार्गावरच्या प्रत्येकाला एक क्रमांकाची जागा द्या आणि तीच जागा नकाशावर दाखवा. ‘सातव्या ठाण्यावर एक जण पडलाय’ हे फोनवर तीन सेकंदांत सांगता येतं; ‘ते मोठं झाड आहे ना, त्याच्या थोडं पुढे’ हे सांगण्यात मिनिट जातं. प्रत्येकाला एकच कागद द्या, त्यावर त्याची जागा, प्रमुखाचा आणि प्रथमोपचाराचा फोन आणि एवढंच लिहिलेलं असू द्या: धावकांना हातानं दिशा दाखवा, तोंडानं सांगा, मागून चालत येणारा माणूस तुमच्यापाशी येऊन ‘चला’ म्हणेपर्यंत जागा सोडू नका. तहान, फोन, ओळखीचं कुणी भेटणं, कशासाठीही नाही. पाण्याची बाटली जागेवर जातानाच त्याच्या हातात द्या.

फिरायला आलेल्यांशी बोलण्याची तालीमही करून घ्या. ‘थांबा, इथून जाता येणार नाही’ म्हटलं की माणूस हट्टानं तिथूनच जातो. ‘शर्यत चालू आहे, एवढे सहा-सात जण जाऊ द्याल का?’ असं विचारलं की तोच कडेला उभा राहून टाळ्या वाजवतो. एखाद्यानं नाहीच ऐकलं तर वाद घालायचा नाही. हात वर करून धावकांना सावध करायचं.

मागून चालणाऱ्याचं काम सर्वांत शांत आणि प्रेमळ माणसाला द्या. शेवटचा धावक त्याच्याच सोबतीनं शर्यत पूर्ण करणार असतो. आपण सगळ्यांना अडकवून ठेवलंय असं त्याला वाटता कामा नये.

नोंदणी आणि छातीवरचा क्रमांक

नाव, जन्मतारीख, गट, संघ, अडचणीच्या वेळी कळवायचा फोन आणि सांगण्यासारखा काही आजार, एवढीच माहिती घ्या. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची सही. लहान मुलांना मोठ्यांच्या शर्यतीत घालू नका. त्यांची १ ते २ किलोमीटरची वेगळी शर्यत मोठ्यांच्या आधी घ्या. मुलांच्या शर्यतीत बाण दाखवूनही भागत नाही, पुढे एक मोठा माणूस धावताच हवा.

क्रमांक छातीवर, चार पिनांनी, चारही कोपऱ्यांत. पाठीवर किंवा पोटाशी दुमडलेला क्रमांक अंतिम रेषेवर कुणाला वाचता येत नाही. क्रमांकाच्या मागच्या बाजूला नाव आणि अडचणीचा फोन लिहून घ्या; बेशुद्ध माणसाची ओळख तिथेच मिळते. यादीच्या दोन प्रती ठेवा: एक नावांच्या क्रमानं, नोंदणीच्या टेबलासाठी, आणि एक क्रमांकांच्या क्रमानं, अंतिम रेषेसाठी. एकाच प्रतीत दोन्ही कामं करायला गेलं की दोन्हीकडे शोधाशोध होते.

तब्येत आणि हवामान

१९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये क्रॉस कंट्री प्रचंड उकाड्यात धावली गेली. ३८ जण सुटले, १५ जणांनी शर्यत पूर्ण केली आणि काही धावक मार्गावरच कोसळले. जिंकलेले फिनलंडचे पावो नुर्मी ताठ उभे होते, पण त्यानंतर हा प्रकार ऑलिंपिकमधून गेला तो गेलाच. ते जगातले उत्तम धावक होते. आपल्याकडे आठवड्यातून दोनदा धावणारी माणसं येणार आहेत. ऊन वाढायच्या आत शर्यत संपेल अशी वेळ ठरवा, आणि उकाडा अती असेल तर अंतर कमी करायचं किंवा शर्यत पुढे ढकलायची हे आधीच जाहीर करून ठेवा. ऐनवेळी दबावाखाली घेतलेला निर्णय चुकतो.

उन्हाने कोसळलेला माणूस असंबद्ध बोलत असेल, झोकांड्या खात असेल, अंग तापलेलं असेल तर तो उष्माघात समजायचा. मदतीला फोन करतानाच त्याला गार करायला लागायचं: सावली, जास्तीचे कपडे दूर, बर्फाच्या पाण्यात बुडवणं, ते नसेल तर गार पाणी ओतत राहणं आणि वारा घालणं. गाडीची वाट बघत नुसतं बसायचं नाही. छातीत दुखून कोसळलेला, श्वास न घेणारा माणूस असेल तर छातीवर दाब द्यायला लगेच सुरुवात. म्हणून बाविसांपैकी निदान चौघांना हे करता यायला हवं. हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र (एईडी) उद्यानात किंवा जवळपास कुठे आहे हे आदल्या दिवशी प्रत्यक्ष बघून या.

रुग्णवाहिका कुठल्या फाटकातून येणार हे ठरवा. त्या फाटकाला साखळी असेल तर किल्ली कुणाकडे आहे, आणि तो माणूस त्या सकाळी हजर असणार का? हे आदल्या दिवशी विचारून ठेवलेलं नसेल, तर त्या दिवशी पहाटे उत्तर मिळत नाही.

विजेचा एक साधा नियम लक्षात ठेवा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंद किंवा कमी वेळ गेला तर शर्यत थांबवा, सगळ्यांना पक्क्या छपराखाली न्या आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबा. झाडाखाली किंवा मंडपात उभं राहणं म्हणजे आसरा नव्हे.

बाकी बहुतेक वेळा मुरगळलेला घोटा आणि खरचटलेला गुडघा एवढंच हाताशी येतं. ५ किलोमीटरला वाटेत पाणी लागत नाही, अंतिम रेषेपलीकडे भरपूर ठेवा.

सुरुवात

पाच मिनिटं, तीन मिनिटं आणि एक मिनिट उरलं असताना तीनदा पुकारा करायचा. पाच मिनिटांच्या पुकाऱ्यानंतर सूचना द्या आणि चार वाक्यांत संपवा: किती फेऱ्या, फाटा कुठे, रस्ता कुठे ओलांडायचा, कुणी पडलं तर काय करायचं. वेगवान धावकांना पुढे आणि निवांत धावणाऱ्यांना मागे उभं राहायला सांगा. सुटताना ‘जागा घ्या’ आणि मग थेट इशारा. लांबच्या शर्यतीत मधला ‘तयार’ नसतो.

आणि सुटायच्या आधी माणसं मोजा. दोघांनी, वेगवेगळी, एकमेकांना न विचारता. नोंदणी ११२ जणांची, आलेले १०३, आणि रेषेवर प्रत्यक्ष उभे १०१, असं नेहमीच होतं. तो १०१ चा आकडा कागदावर लिहा. शर्यत संपताना अंतिम रेषेवर आलेले आणि वाटेत सोडून दिलेले मिळून बरोबर १०१ भरले पाहिजेत. एक जरी कमी भरला, तर तो माणूस सापडेपर्यंत मार्गावरचं कुणी घरी जाणार नाही.

अंतिम रेषा

इथे सर्वांत जास्त चुका होतात, आणि त्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतात. १०० धावकांत पहिला साधारण १८ मिनिटांनी येतो, शेवटचा ४५ ला. सरासरी काढली तर मिनिटाला चार जणही नाहीत, म्हणजे सोपं वाटतं. पण मधला घोळका एका मिनिटात आठ-दहा जणांना घेऊन येतो. तयारी त्या मिनिटासाठी करायची असते.

पहिलं तत्त्व: वेळ आणि क्रम ही दोन वेगळी कामं आहेत, दोन वेगळ्या माणसांची. एकच माणूस घड्याळही दाबतोय आणि छातीवरचा क्रमांकही वाचतोय, असं झालं की दोन्ही चुकतात.

रेषेपलीकडे दोरीनं गल्ली बनवा, जिला धावकांच्या भाषेत फनेल म्हणतात. तोंडाशी चार-पाच मीटर रुंद, पुढे निमुळती होत एक माणूस जाईल एवढी, आणि किमान २५ मीटर लांब. रेषेवर नंबर लागला की गल्लीत कुणी कुणाला ओलांडायचं नाही. गल्लीतल्या तिघांपैकी पहिला रेषेशी उभा राहून जवळजवळ एकत्र आलेल्यांचा क्रम ठरवतो. त्यानं फक्त धड बघायचं. डोकं, हात, पाय पुढे आले तरी धरायचे नाहीत. दुसरा लोकांना चालतं ठेवतो, कारण गल्लीत कुणी वाकून उभा राहिला की मागे रेषेपर्यंत रांग तुंबते. एखादा कोसळला तर त्याला बाजूला घ्यायचं आणि त्याचा क्रमांक पुकारत त्याची जागा राखायची, हे तिसऱ्याचं काम.

गल्लीच्या टोकाला क्रमांक घातलेल्या चकत्या क्रमानं वाटायच्या: पहिल्याला १, दुसऱ्याला २. मग धावक चकती घेऊन टेबलापाशी जातो आणि तिथे त्याची चकती व छातीवरचा क्रमांक शेजारी शेजारी लिहून घेतात. या पद्धतीचा मोठा फायदा असा, की लिहिणाऱ्यावर रेषेच्या घाईचा ताण येत नाही. जगभर पसरलेल्या पार्करन या उद्यानातल्या साप्ताहिक धावेची सुरुवात २ ऑक्टोबर २००४ ला लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ धावकांनी झाली, तेव्हा चकत्या म्हणून लोखंडी वॉशर वापरले होते. एवढ्या साध्या साधनावर ती धाव उभी राहिली.

चकती खिशात घालून घरी जाणारे निघतातच. म्हणून दुसरी नोंदही हवी: रेषेनंतर लगेच एक जण छातीवरचे क्रमांक मोठ्यानं वाचतो आणि दुसरा लिहितो. वाचणाऱ्यानं लिहायचं नाही, लिहिणाऱ्यानं मान वर करायची नाही.

वेळ घेणारे दोघं सुटतानाच्या इशाऱ्याला दोन स्टॉपवॉच सुरू करतात आणि रेषा ओलांडणाऱ्या प्रत्येकाला एकदा बटण दाबतात. दर दहाव्या धावकाला त्यांनी छातीवरचा क्रमांकही टिपायचा: ‘विसावी वेळ, क्रमांक ६४’. या टिपणांमुळे निकाल वाचतो. समजा शेवटी वेळा ९७ आणि माणसं ९६ भरली, म्हणजे कुठेतरी बटण एकदा जास्त दाबलं गेलं. विसाव्या वेळेचं टिपण यादीशी जुळतंय, पण तिसाव्या वेळेला टिपलेला क्रमांक यादीत एकोणतिसावा आहे. मग चूक विसाव्या आणि तिसाव्याच्या मध्येच आहे, आणि तेवढ्या दहा वेळा तपासून ती सापडते. टिपणं नसतील तर सगळ्या ९७ वेळांवर शंका घ्यावी लागते.

रेषेच्या बरोबर बाजूला तिपाईवर एक फोन चित्रीकरणासाठी लावून ठेवा. तो वादासाठी, निकाल लावायला नाही.

निकाल

हातानं घेतलेली वेळ पुढच्या पूर्ण सेकंदावर न्यायची. १९ मिनिटं ४४.३ सेकंद झाली तर १९:४५. दशांश छापू नका, बोटाला तेवढी अचूकता नसते.

सांघिक निकालात या खेळाची खरी मजा आहे. संघातले धावक कितवे आले त्या आकड्यांची बेरीज करायची, आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो संघ जिंकतो. सहा जणांचा संघ आणि पहिल्या चौघांचे गुण, ही छोट्या शर्यतीला चांगली रचना. समजा एका संघाचे चौघं १, ८, १२, १९ वे आले आणि दुसऱ्याचे ३, ६, १४, १७ वे. दोघांची बेरीज ४०. तेव्हा ज्याचा चौथा आधी आला तो संघ वरचढ, म्हणजे सतरावा असलेला दुसरा संघ. पहिला आलेला गडी हरलेल्या संघात असतो आणि सतराव्यानं संघाला जिंकून दिलेलं असतं. पाचवा, सहावाही फुकट जात नाहीत. ते पुढे आले की इतर संघांचे धावक एकेक क्रमांक मागे ढकलले जातात. हे धावकांना आधी समजावून सांगा. मधल्या फळीतला धावक मग शेवटच्या शंभर मीटरांत एका माणसाला गाठण्यासाठी जीव टाकतो. संघाशिवाय धावणाऱ्यांना सांघिक मोजणीतून वगळायचं का, हेही पत्रकातच लिहून टाका.

निकाल जाहीर करताना ‘कच्चा निकाल’ असं लिहा आणि हरकतींसाठी अर्धा तास द्या. हरकत घेणारा बहुतेक वेळा बरोबर असतो, कारण आपल्या पुढे कोण आणि मागे कोण होतं हे धावकाला नेमकं आठवतं.

आवराआवर

पट्टी, खुंट्या, बाण मोजून लावा आणि मोजून काढा; लावताना १४० खुंट्या असतील तर आवरताना १४० हातात यायला हव्यात. राहिलेली एक खुंटी गवत कापायच्या यंत्रात जाते किंवा अनवाणी खेळणाऱ्या मुलाच्या पायात. खणलेले खड्डे बुजवा, बुजवलेली बिळं तशीच राहू द्या. मार्गाचे शर्यतीआधीचे आणि नंतरचे फोटो काढून कार्यालयाला पाठवा, विचारायच्या आधीच. त्याच संध्याकाळी स्वयंसेवकांना एकत्र बसवून प्रत्येकाला विचारा की त्याच्या जागेवर काय अडलं, आणि ते त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून ठेवा. दोन दिवसांनी आठवणीत फक्त कौतुक उरतं.

वळणांच्या आतल्या कडेचं गवत सर्वांत जास्त झिजतं. पंधरा दिवसांनी माळ्यासोबत पुन्हा एक फेरी मारा, कुठलं गवत सावरलं आणि कुठलं अजून उघडं आहे ते नकाशावर टिपा, आणि पुढच्या वेळी ती वळणं चार-पाच मीटर बाहेर सरकवा.